भीड आणि सहा आकडे

दुपारची वेळ होती. ओटा आवरून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात सांगलीच्या मावशीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘हाय, चुकून माझा एक कोड तुझ्या मोबाइलवर आला आहे, सहा आकडी, लवकर पाठव.’ मावशी मला कधी ‘हाय’ म्हणत नाही. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी तिचा मेसेज अजून पूर्णविरामासकट येतो. आधी ‘चि.’ आणि माझं घरातलं नाव, मग अनेक आशीर्वाद, मग मजकूर, आणि शेवटी ‘उत्तर पाठवणे’. हा मेसेज मात्र इंग्रजी अक्षरांत, घाईघाईने टंकलेला होता. पाठोपाठ खरोखरच एसएमएसने सहा आकडे येऊन पडले. मी मावशीला साधा फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली आणि मग तिचा थकलेला आवाज आला. “अगं, माझं व्हॉट्सॲप सकाळपासून बंद पडलंय. मला वाटलं नेटचंच काहीतरी असेल, म्हणून कुणाला सांगितलं नाही.”

नेटचं काही नव्हतं. सकाळी तिच्या भजनी मंडळातल्या एका मैत्रिणीच्या खात्यावरून तिलाही असाच मेसेज आला होता आणि तिने कोड देऊन टाकला होता. त्या मैत्रिणीचं खातं आदल्या रात्री गेलं होतं, ते तिच्या जावेच्या खात्यावरून. मी विचारलं, “मावशी, पाठवताना जरासुद्धा शंका आली नाही का गं?” ती म्हणाली, “आली की. पण इतक्या वर्षांची ओळख, त्यांना नाही कसं म्हणायचं? सहा आकड्यांसाठी वाईटपणा कशाला घ्यायचा?”

फोन ठेवल्यावरही हे वाक्य डोक्यातून जाईना.

म्हणजे तिला कळलं होतं. ‘कोड कुणाला देऊ नका’ हे तिने पेपरात वाचलं होतं, बँकेच्या मेसेजमध्ये वाचलं होतं, फोन लागण्याआधी वाजणाऱ्या सरकारी सूचनेत ऐकलं होतं. माहितीची कमतरता नव्हती. तिला अडवणारी गोष्ट दुसरीच होती आणि ती माझ्या ओळखीची होती. शेजारच्या काकांनी पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही मागितली आणि नाही म्हणता आलं नाही, म्हणून पुढे कित्येक वर्षं दुसऱ्याचे हप्ते भरणारी माणसं मी सांगली-मिरजेकडे पाहिली आहेत. ‘भीड भिकेची बहीण’ असं आपल्याकडे म्हणतात, आणि तसं म्हणणारी माणसंही भीड सोडत नाहीत. नाती टिकतात ती याच भिडेवर, हेही मला मान्य आहे. रात्री-अपरात्री दार वाजवलं तर उघडलं जाईल ही खात्री आम्हाला ज्या माणसांनी दिली, ती सगळी अशीच भिडस्त होती. मावशीच्या त्या एका वाक्याचा राग करावा की तिच्या चांगुलपणापुढे गप्प बसावं, हे मला त्या दुपारी ठरवता आलं नाही.

हा चोर करतो ते एरवी अगदी साधं काम असतं. तो स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप टाकतो आणि त्यात तुमचा नंबर भरतो. नंबर खरंच तुमचा आहे का हे पाहायला व्हॉट्सॲप तुमच्या सिमवर सहा आकडे पाठवतं. ते आकडे त्याच्या हाती गेले की खातं त्याच्या फोनवर उघडतं आणि तुमच्या फोनवर बंद होतं. जुनी संभाषणं त्याला दिसत नाहीत, ती तुमच्याच फोनमध्ये राहतात. पण तुम्ही ज्या ग्रुपमध्ये आहात ते ग्रुप त्याला दिसतात, आणि ग्रुपमधले सगळे नंबरही. मावशीचे ग्रुप कोणते? ‘माहेरवाशिणी’, भजनी मंडळ, निवृत्त शिक्षकांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप. प्रत्येक ग्रुपमध्ये मावशीला नाही म्हणू न शकणारी माणसं भरलेली. संध्याकाळपर्यंत त्यातल्या दोघींनी कोड दिले होते. माझ्या मामेभावाने ‘आत्याला दवाखान्यासाठी तातडीने हवेत’ म्हणून पैसेही पाठवले होते. त्याने निदान लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत-नंबरवर फोन केला. तिथे तक्रार जितकी लवकर जाईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. त्याचे काही पैसे अडले, काही गेले.

मावशीला मी फोनवरूनच पुन्हा नंबर भरायला आणि नवा कोड मागवायला सांगितलं. कोड आला, तिने भरला, तर पडद्यावर आणखी एक पिन मागितला गेला. तो पिन चोराने लावून ठेवला होता. ती घाबरली. अशा वेळी सात दिवस थांबावं लागतं, त्याला इलाज नाही. पण नवीन सहा आकडे भरल्याक्षणी चोर खात्याबाहेर पडलेला असतो, पिन माहीत नसला तरी. ही एवढी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे किती माणसं त्या सात दिवसांत हताश होऊन नवा नंबर घेतात, आणि मग जुन्या नंबरावर टांगलेलं सगळंच सुटत जातं. मावशीने मला दोनदा विचारलं, “म्हणजे आता माझ्या नावाने तो कुणाला काही लिहू शकणार नाही ना?” तिला पैशांची नव्हे, नावाची काळजी होती.

लोक हॅकिंग म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अवघड गणित येतं. ते असतंही. पण किती मोठी कुलपं केवळ बोलण्याने उघडली आहेत! १५ जुलै २०२० रोजी ट्विटरवर बराक ओबामा, जो बायडेन, इलॉन मस्क यांच्या खात्यांवरून ‘बिटकॉइन पाठवा, दुप्पट परत मिळतील’ असे मेसेज गेले. सुमारे १३० खाती लक्ष्य केली होती. सगळ्यात पुढे होता फ्लोरिडातल्या टॅम्पाचा सतरा वर्षांचा मुलगा. या टोळीने ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना फोन केले, कंपनीतलाच माणूस बोलतोय असं भासवलं आणि आत शिरायचे अधिकार मिळवले. तिथेही पलीकडच्या माणसाने फोन उचलला, मदत करावीशी वाटली आणि मदत केली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या तंत्रज्ञान कंपनीत जे झालं तेच सांगलीच्या भजनी मंडळात झालं, हे मी मावशीला मुद्दाम सांगितलं. तिला थोडं बरं वाटलं.

आणि आपल्याकडे तर माणसं एकमेकांना फारच ओळखतात. काही वर्षांपूर्वी ईमेलपासून बँकेपर्यंत सगळीकडे ‘सुरक्षा प्रश्न’ असायचे. आईचं माहेरचं आडनाव काय, जन्मगाव कोणतं, पहिली शाळा कोणती. अमेरिकेतल्या माणसासाठी ती कदाचित गुप्त माहिती असेल, पण आपल्या लग्नपत्रिकेवर आजोळ छापलेलं असतं. मामांची नावं ‘आपले नम्र’मध्ये असतात. मुलामुलींचे लग्नाचे बायोडेटे जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, शिक्षण, मामांचं गाव आणि फोन नंबरसकट डझनभर ग्रुपांमधून फिरत असतात. कुणाचं मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं, हे विचारल्याशिवाय आपलं पहिलं संभाषणच पुरं होत नाही. तसं अमेरिकेतही ते प्रश्न काही फार टिकले नाहीत. २००८ मध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूचं खातं एका विद्यार्थ्याने उघडलं, ते ‘पासवर्ड विसरलात का’ या वाटेने. जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याशी पहिली भेट कुठे झाली, एवढीच उत्तरं लागली आणि तिन्ही इंटरनेटवर पडलेली होती. माझ्या भाचीने अशा प्रश्नांना भलतीच उत्तरं द्यायची ठरवलंय. आजोळचं आडनाव विचारलं की ती एका भाजीचं नाव लिहिते आणि ते वहीत टिपून ठेवते. ऐकायला पोरकट वाटतं, पण तिचं बरोबर आहे.

वहीवरून आठवलं. मावशीकडे एक जुनी डायरी आहे. दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा ग्राहक क्रमांक, नातवंडांच्या जन्मवेळा आणि मागच्या पानांवर पासवर्ड. तिचा मुलगा त्या डायरीवरून तिला नेहमी रागावतो. मला मात्र ती डायरी चुकीची वाटत नाही. मावशीचं खातं फोडणारा माणूस शेकडो मैलांवर बसलेला असतो, तो तिच्या कपाटातली डायरी उघडायला येत नाही. त्याच्याकडे असतात दुसऱ्या कुठल्या तरी वेबसाइटवरून फुटलेल्या पासवर्डच्या याद्या. २००९ च्या डिसेंबरात रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाखांहून जास्त पासवर्ड बाहेर आले. कंपनीने ते जसेच्या तसे, वाचता येतील असे साठवले होते. त्यात सर्वांत जास्त वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६. जवळजवळ २ लाख ९० हजार माणसांनी स्वतंत्रपणे तोच निवडला होता. फुटलेला पासवर्ड चोर आधी तुमच्या ईमेलला लावून बघतात, मग खरेदीच्या साइटला, मग बाकी सगळीकडे. म्हणून एकच पासवर्ड डोक्यात ठेवून सगळीकडे वापरणाऱ्या हुशार माणसापेक्षा प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवून तो डायरीत लिहिणारी मावशी जास्त सुरक्षित आहे. तिचे पासवर्ड देवाचं नाव आणि जन्मसाल असे होते, ते तेवढे बदलायला लावले. आता ती एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत एकापुढे एक लिहिते. लांब, आठवायला सोपं, आणि अंदाज बांधायला कठीण.

पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, दर तीन महिन्यांनी बदलायला हवा, हा जाच आपण सगळ्यांनी सोसला आहे. हा सल्ला प्रामुख्याने २००३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने काढलेल्या एका मार्गदर्शक पत्रिकेतून जगभर गेला. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, जाहीरपणे सांगितलं की आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेने नियम बदलले. पासवर्ड उगाच बदलायला लावू नका, तो फुटल्याचं कळलं तरच बदला, चिन्हांची सक्ती नको, लांबी महत्त्वाची. इतक्या मोठ्या माणसाने इतकं सरळ सांगितलं, तरी आपल्याकडच्या किती कचेऱ्यांमध्ये अजून दर तीन महिन्यांनी शेवटचा आकडा एकाने वाढवण्याचा कार्यक्रम चालू आहे!

पासवर्डचा जन्म मात्र चोरांसाठी झालेलाच नव्हता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा प्रयोग चालू होता. फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने प्रत्येकाला पासवर्ड दिला, तो आपापल्या फायली आणि ठरवून दिलेला वेळ वेगळा राहावा म्हणून. सगळे सहकारी, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. आणि पहिली चोरीही घरच्याच माणसाने केली. ॲलन शेर या संशोधकाला वाट्याला आलेला वेळ पुरत नव्हता. १९६२ मध्ये त्याने पासवर्डची अख्खी फाइल छापून मागवली, आणि ती छापून मिळाली. कितीतरी वर्षांनी त्याने ते स्वतः सांगितलं. मला ही गोष्ट आवडते. ओळखीच्या माणसांमध्येही दारं लागतात, आणि दार लावणं हा अविश्वास नसतो, हे तिथे पहिल्याच वर्षांत दिसून आलं होतं.

माझे वडील मिरजेत एका बँकेत होते. शाळा सुटली की कधी कधी मी शाखेत जाऊन बसायची. काउंटरमागे लेजरच्या जाड वह्या, डिंकाचा आणि शाईच्या पॅडचा एकत्र वास, पंख्याच्या वाऱ्याने फडफडणाऱ्या स्लिपा. पैसे काढायला आलेल्या माणसाला पितळेचा बिल्ला मिळायचा, त्यावर नंबर कोरलेला. कॅशियर नंबर पुकारायचे. सही पडताळायला नमुन्याच्या सह्यांची कार्डं असायची, पण बाबा अर्ध्या लोकांना चेहऱ्यावरूनच ओळखायचे. तरीही कार्ड काढून बघायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, “काय साहेब, मला ओळखत नाही का?” बाबा हसून म्हणाले, “तुम्हाला ओळखतो हो, सही ओळखायची राहिलीय.”

तिजोरीला दोन किल्ल्या असत. एक बाबांकडे, एक दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. दोघं असल्याशिवाय दार उघडायचं नाही. ते दुसरे काका आमच्या घरी नेहमी यायचे. आईच्या हातची मिसळ त्यांना फार आवडायची, दिवाळीत फराळाची ताटं इकडून तिकडे जायची. एके दिवशी माझ्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि मी नाचात होते. बाबांना लवकर निघायचं होतं. ते काका म्हणाले, “जा तुम्ही, किल्ली ठेवा माझ्याकडे, मी बंद करतो.” बाबा थांबले. किल्ली रीतसर तिसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवायची, रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, कारण, दोघांच्या सह्या, एवढं सगळं होईपर्यंत माझा नाच होऊन गेला. मी रात्री रुसून बसले. म्हटलं, काकांवर तुमचा विश्वास नाही का? बाबा म्हणाले, “विश्वास आहे म्हणूनच दिली नाही. उद्या काही कमी निघालं तर माझ्याआधी त्याच्यावर संशय गेला असता.” आणि काकाही त्या संध्याकाळी नाराज झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी घरी येऊन तेच माझी समजूत घालत होते.

त्या वयात मला हे कोरडं वाटलं होतं. आता मावशीचं वाक्य आणि बाबांचं वाक्य शेजारी ठेवून बघते, तेव्हा फरक कळतो. बाबा काही मावशीपेक्षा कमी भिडस्त नव्हते. पतसंस्थेला जामीन राहून त्यांनीही चटके खाल्ले होते. पण किल्लीच्या बाबतीत त्यांना भीड मोडावी लागली नाही, कारण नाही म्हणणारे ते नव्हते, नियम होता. आणि नियम दोघांनाही सारखाच माहीत होता. मावशीच्या वेळी असा नियम घरात नव्हताच. प्रत्येक वेळी, प्रत्येक माणसापुढे, तिला एकटीने नाही म्हणायचं होतं. निवृत्त शिक्षिकेने, सत्तरीत, इतक्या वर्षांच्या मैत्रिणीला. तेवढं बळ आपण तिच्याकडून मागत होतो आणि न जमल्यावर तिलाच ‘कशी गं तू’ म्हणत होतो.

टू-स्टेप म्हणतात ती पद्धत म्हणजे बाबांच्या तिजोरीच्या दोन किल्ल्याच आहेत. एक किल्ली पासवर्ड, म्हणजे माहीत असलेली गोष्ट. दुसरी हातात असलेली गोष्ट, फोन किंवा बोट. भारतात रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच ऑनलाइन कार्ड व्यवहारांना कार्डावर छापलेल्या आकड्यांपलीकडची आणखी एक पडताळणी सक्तीची केली. ओटीपीचा आपल्याला कंटाळा येतो, पण त्याने बऱ्याच चोऱ्या अडवल्या. त्यामुळे चोर आता ओटीपीच्याच मागे लागले आहेत. आजकाल लग्नपत्रिकेच्या नावाने एक फाइल येते, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असं लिहिलेली. ती पत्रिका नसते, ॲप असतं. ते फोनमध्ये बसलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि लग्न कुणाचं म्हणून आपण परवानगी देऊन बसतो. आजोळ छापणाऱ्या समाजाला पत्रिकेनेच गाठावं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून जिथे शक्य आहे तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावावं. ते दर तीस सेकंदांना नवे आकडे फोनमध्येच तयार करतं, नेटवर्कवरून काही येत-जात नाही. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्येच राहणारी किल्ली, तर याहून बरी. ती खऱ्या वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही. तिथे तुमच्या भिडेचा प्रश्न येत नाही, कारण फोनवर वाचून दाखवता येईल असं तिच्यात काही नसतं. आणि सगळ्यात आधी ईमेल. बाकीच्या सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात का’ तिथेच येतात, हे लक्षात न घेता लोक बँकेच्या ॲपला दहा कुलपं लावतात आणि ईमेल उघडं टाकतात.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्या रात्री एका नातेवाइकाने लिहिलं, ‘शिकलेली माणसं अशी कशी फसतात?’ मी एरवी ग्रुपवर भांडत नाही. त्या दिवशी मी लिहिलं की मावशी सकाळपासून दुपारपर्यंत गप्प राहिली ती याच वाक्याच्या धास्तीने, आणि त्या तासांत आणखी दोन खाती गेली. चोराला सर्वांत जास्त उपयोगी पडते ती आपली लाज. पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवरच ‘अटक’ करणारे ‘डिजिटल अरेस्ट’वाले तर उघडच सांगतात की कॅमेरा चालू ठेवा, घरात कुणाशी बोलू नका. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये ‘रुको, सोचो, एक्शन लो’ असं सांगितलं आणि असली कुठलीच अटक कायद्यात नाही हे स्पष्ट केलं. तरी माणसं अजून बंद खोलीत तासन्‌तास बसून राहतात, कारण बाहेर येऊन घरच्यांना काय सांगायचं हे त्यांना कळत नाही. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपल्याला फोन करून ‘मी काहीतरी केलंय’ असं सांगायला भीती वाटत असेल, तर कुठल्याही पासवर्डने ते घर सुरक्षित होणार नाही. हे मी अगदी गंभीरपणे म्हणते आहे. तो नातेवाईक काही बोलला नाही. मावशीने मात्र, खातं परत मिळाल्यावर, माझ्या त्या मेसेजखाली ‘अनेक आशीर्वाद.’ असं लिहिलं.

आता घरात नियम केलाय. कोड कुणालाच द्यायचा नाही, मलाही नाही, मुलालाही नाही. पैसे मागणारा मेसेज आला की आधी साधा फोन करून आवाज ऐकायचा. आवाजाचीही नक्कल करता येते म्हणून एक घरगुती प्रश्न ठरवलाय, ज्याचं उत्तर कुठल्याच पत्रिकेत किंवा बायोडेट्यात नाही. तो प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला तर दुसऱ्याने रागवायचं नाही, हेही ठरवलंय, आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. सगळ्यांच्या व्हॉट्सॲपला टू-स्टेपचा पिन लावला. भजनी मंडळात ते काम मावशीने स्वतःकडे घेतलंय.

राहिलं बाबांचं खातं. बाबा जाऊन दोन वर्षं व्हायला आली. त्यांचं सिम आई तिच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत ठेवते आणि रिचार्ज करते. पेन्शनचं जोड खातं, गॅस, विजेचं बिल, सगळं त्याच नंबराला जोडलेलं होतं. नंबर बंद झाला तर काही महिन्यांनी तो दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो आणि त्या माणसाला बाबांचे ओटीपी जायला लागतात, म्हणून आम्ही एकेक ठिकाणी आईचा नंबर लावत आणला. ईमेल मात्र तसंच आहे. त्याचा पासवर्ड बाबांनी कुणालाही सांगितला नव्हता, आईलाही नाही. त्यात जुन्या विम्याचे कागद असतील, सहलीचे फोटो असतील, कदाचित त्या किल्लीवाल्या काकांशी झालेला पत्रव्यवहारही असेल. दोन वर्षं कुणी वापरलं नाही तर गूगल खातं काढून टाकू शकतं, त्यामुळे वेळ फार उरलेला नाही. धाकटा भाऊ म्हणतो, सिम घरात आहे, ‘पासवर्ड विसरलो’ दाब, कोड येईल, दोन मिनिटांचं काम आहे. त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. चोराने असंच केलं असतं, हे मला त्यातलं खुपतं. खातेदार गेल्यावर जवळच्या नातेवाइकांनी अर्ज करायची सोय गूगलने ठेवली आहे. मृत्यूचा दाखला लागतो, ओळखपत्र लागतं, आणि आतलं सगळं मिळेलच याची हमी नसते. आम्ही दोघांनी आपापलं म्हणणं आईपुढे मांडलं. आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, “अर्जच करा. त्यांना तेच पटलं असतं. आणि नाही मिळालं तर नाही मिळालं.” भावाला ते फारसं पटलेलं नाही. फोटो गेले तर तो मला बोलणार, आणि मी ऐकून घेणार. दाखला स्कॅन करून झालाय, आईच्या ओळखपत्रावरचा पत्ता जुना निघाला म्हणून तेवढं अडलंय. अर्जाचा निकाल लागेपर्यंत सिमचं रिचार्ज चालू ठेवायचं ठरलंय.